काटा मधोमध

वास पहिल्यांदा तिला आला. चढ होता, पुढे एक ट्रक रखडत चाललेला, त्याच्या मागे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बायको नाक आक्रसून म्हणाली, "गोड गोड कसला वास येतोय रे?" मी वास घेतलाच नाही. मी काटा बघितला. टेंपरेचरचा काटा होता तिथेच होता, बरोबर मधोमध, गेली 11 वर्षं जिथे असतो तिथे. "पुढच्या ट्रकचा असेल," म्हणालो आणि जागा मिळाल्यावर ट्रकच्या पुढे गाडी काढून दाखवली, म्हणजे विषय संपला. पुढचे तीन आठवडे तो वास अधूनमधून येत राहिला, कधी सिग्नलला थांबल्यावर, कधी गाडी लावून उतरताना, आणि दर वेळी मी तेच केलं. काटा बघितला. ट्रक नसला तर शेजारच्या गाडीवर ढकललं, शेजारी कुणी नसलं तर हवेवर.

पुढे जे काही तुटलं-फुटलं त्यापेक्षा हे तीन आठवडेच मला जास्त टोचतात.

गाडी 23 वर्षांची आहे. दोन सीट, दोन दरवाजे, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं. मी तिचा तिसरा मालक, आणि आधीच्या दोघांनी काय केलं काय नाही ह्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. माझं म्हणाल तर ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं वेळच्या वेळी, त्यात कधी हयगय नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यातून फिरणारं पाणी, मात्र मधे एकदा बदलल्याचं आठवतंय, कधी ते नीट आठवत नाही, आणि जे नीट आठवत नाही ते बहुतेक फार जुनं असतं. रेडिएटरकडे कोण बघतो? इंजिन ऑइलला निदान रंग असतो, चिकटपणा असतो, त्यावर तासभर वाद घालता येतो. रेडिएटर म्हणजे पुढे जाळी लावलेली पाण्याची टाकी, एवढाच माझा आदर.

मग एका संध्याकाळी काचेवर मारायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, तोंडाशी पांढरट हिरवी खपली दिसली. जखमेवर धरते तशी, नखाने काढली तर निघेल अशी. बोटाला लावून वास घेतला आणि तोच तो, गोडसर, घशाशी येणारा, चढावरचा वास. कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली. बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती, रोज होती, पण बाटली बघायला बॉनेट उघडावं लागतं आणि काटा बसल्या जागी दिसतो.

ठरवलं होतं ते एवढंच, की होज आणि दोन क्लॅम्प बदलायचे. अर्ध्या तासाचं काम. क्लॅम्प स्प्रिंगचा होता, दोन कान पकडीने दाबून मागे सरकवायचा, तो निघाला. होज मात्र इतक्या वर्षांत तोंडाला चिकटून बसलेला. अशा वेळी ओढायचा नसतो, आधी फिरवून सुटा करायचा असतो, हे मला माहीत आहे, आणि मी खरंच फिरवलाच. जोर केला नाही. बरणीचं झाकण फिरवायला लागतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. टक् असा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा बारीक, आणि होज हातात आला. त्याच्यासकट रेडिएटरचं तोंडही हातात आलं.

मी ते तसंच धरून उभा राहिलो किती तरी वेळ.

तुटलेली कड जवळून बघण्यासारखी होती. बाहेरून प्लास्टिक काळं होतं, पण वरच्या टाकीचा रंग मधल्या मधे तपकिरी झालेला, आणि तुटल्या जागी तर राखाडी भुरकट, अंगठा फिरवला की पावडर सुटायची आणि त्यात बारीक चमकणारे तंतू. हे नायलॉन असतं, ताकदीसाठी काचेचे तंतू मिसळलेलं, आणि ते चांगलंच दणकट असतं. पण 90-100 डिग्रीचं पाणी आणि त्यात मिसळलेलं कूलंटचं रसायन, ग्लायकॉल, त्याच्या आतून वर्षानुवर्षं फिरतं, ते नायलॉनच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं, आणि वरून इंजिनची धग. नवं असताना जे थोडं वाकून सावरायचं ते नंतर वाकायचं विसरतं. चीर केव्हातरी आधीच गेली असणार, गाडी तापली की दाब वाढून उघडायची, दोन थेंब वाफ सोडायची, गार झाली की मिटायची. म्हणून खाली जमिनीवर कधी डाग नाही. म्हणजे ही गाडी किती दिवस एका केसावर धावत होती कोण जाणे, आणि मी तिला त्या काळात चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पिळत होतो, ट्रकांना मागे टाकत होतो, आणि आत बसून गाणीही लावली होती.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मग काटा वर गेला नाही?"

"नाही ना."

"असं कसं? गेला असेल, तुझं लक्ष नसेल."

बाबांशी ह्या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण काट्याकडे लक्ष देणं म्हणजे काय ते मी त्यांच्याकडूनच बघितलंय. आमच्या लहानपणीच्या गाडीचा काटा जिवंत होता. सेन्सरकडून तारेतून जेवढा करंट येईल तेवढा तो हलायचा, सपाटीला खाली, चढाला वर, गर्दीत अडकलं की थरथरत लाल पट्टीकडे. बाबा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून चालवायचे. आईला नकाशा बघायचा नसायचा, तिला काटा बघायचं काम असायचं, बाबा वळणात असले की विचारायचे "किती?" आणि ती म्हणायची "पाऊण." आणि काटा पाऊणच्या वर गेला की तो प्रकार सुरू व्हायचा ज्याला मी आणि ताई मनापासून घाबरायचो. भर उन्हात बाबा हीटर पूर्ण चालू करायचे. ब्लोअर फुल्ल, चारी काचा खाली, पायांवर भट्टीतली हवा, सीटचं रेक्झिन मांडीला चिकटलेलं, ताई रडकुंडीला आलेली, आणि बाबा पुढून ओरडून सांगतायत की इंजिनची गरमी आपण वाटून घेतोय. त्या वयात हे वाक्य मला वेड लागलेल्या माणसाचं वाटायचं. पण ते शंभर टक्के बरोबर होतं, हीटर म्हणजे तरी काय, डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनचं गरम पाणी त्यातूनही फिरतं.

तरी कधी कधी उकळायचीच. मग गाडी बाजूला, आम्ही मुलं वीस पावलं लांब, आणि बाबा हातात ओला फडका घेऊन बॉनेटसमोर. झाकण लगेच उघडायचं नाही हे ते आम्हाला दर वेळी सांगायचे आणि एकदा स्वतःच घाई केली. त्यांच्या उजव्या मनगटावर अजून तो फिक्या गुलाबी कातडीचा तुकडा आहे. शाळेत पुढे कधीतरी उत्कलनबिंदू शिकवला तेव्हा मला तो फडकाच आठवला. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं, त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, तो साधारण एक बार दाब आत धरून ठेवतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 120 डिग्रीपर्यंत उकळत नाही. ते झाकण फिरवलं की दाब गेला, आणि 110 डिग्रीचं जे पाणी आतापर्यंत गुमान बसलं होतं ते त्याच क्षणी उकळून वर येतं. त्यांचा रेडिएटर पितळेचा होता. फुटला की डाग, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, लावून मिळायचा, तीन-चार ठिकाणी डाग होते आणि बाबांना प्रत्येक डागाचा प्रवास पाठ होता. माझ्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेल्या. ह्याला डाग लागत नाही. हा तुटला की टाकायचा.

तर आता काय, एवढं उघडलंच आहे तर सगळंच. हे वाक्य ज्याने ज्याने म्हटलं आहे त्याला माहीत आहे की त्याचे पुढचे दोन शनिवार-रविवार गेले. रेडिएटर, वरचा खालचा होज, हीटरचे दोन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, झाकण, पट्टा. होज बाहेरून बघितले तर एकदम ठणठणीत होते, काळे, मऊ, कुठे चीर नाही. पण जुना खालचा होज सहज उभा चिरून बघितला, तर क्लॅम्पपासून थोडं आत, तोंडालगत, आतल्या रबराला उभ्या बारीक चिरा. ह्याचं कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. दोन टोकांना वेगवेगळे धातू आणि मधे कूलंट, म्हणजे एक मरतुकडी बॅटरीच तयार होते, आणि तो सूक्ष्म करंट रबराला आतून कुरतडतो. बाहेरून दाबून बघून होज चांगला म्हणणारे सगळे, म्हणजे मी.

जुनं कूलंट टबात काढलं. हिरवं असायला हवं होतं, निघालं ते पहिल्या पावसात गटारातून वाहतं तसं. आमच्या इथली एक मांजर लगेच चौकशीला आली आणि मी सगळी हत्यारं टाकून तिला हाकललं, कारण ही चीज चवीला गोड असते आणि मांजर-कुत्र्याच्या किडनीला थोडीशीसुद्धा पुरते. टब झाकून वर जॅक ठेवला. त्या वासाला आपण जो गोड गोड म्हणतो त्याच्या पोटात हे असं.

थर्मोस्टॅट हा माझा ह्या सगळ्यातला लाडका भाग. मुठीत मावेल एवढं पितळ आणि स्टील, ना वायर, ना कॉम्प्युटर. पोटात मेणाची एक गोळी, मेण ठरलेल्या तापमानाला वितळतं, वितळताना फुगतं, दांडीला ढकलतं, कूलंटला रेडिएटरकडे सोडणारं दार उघडतं. गार झालं की स्प्रिंग दार लावून घेते. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने 1930 च्या दशकात हे मेणाचं प्रकरण बसवलं आणि अजून तेच चालू आहे. मी जुना आणि नवा दोन्ही एका पातेल्यात दोऱ्याने टांगले, थर्मामीटर सोडला आणि गॅसजवळ उभा राहिलो. नवा 82 ला पापणी उघडावी तसा उघडायला लागला आणि 95 पर्यंत पूर्ण उघडला. जुना 76 लाच उघडला, आणि पाणी गार केल्यावर मिटला खरा पण पूर्ण नाही, एका बाजूला कागद सरकेल एवढी फट राहिली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ते पातेलं आता तुझंच." बरोबरच होतं तिचं.

पंपाबद्दल फार लिहीत नाही. काढताना हात सोलले, बाकी बोल्ट निघाले, एक निघेना. एम-6 चा, म्हणजे सहा मिलिमीटरचा, बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून बसला की हाताला एक विशिष्ट मऊपणा जाणवतो, पान्हा फिरतोय पण बोल्ट फिरत नाहीये, तो पिळतोय, आणि अजून पाव फेरा दिला तर डोकं हातात येणार. तिथे मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा थांबलो असेन. भेदक तेल मारलं, रात्रभर ठेवलं, सकाळी थोडं पुढे थोडं मागे करत अर्ध्या तासात काढला. पंपाच्या खाली एक मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं, आतलं सील जायला लागलं की तिथून गळून कळावं म्हणून. माझ्या पंपाच्या भोकाखाली वाळलेल्या ओघळाची लांब रेघ होती. म्हणजे त्यानेही सांगून झालं होतं. खालून कोण बघतो?

सगळं जोडल्यावर राहते ती एअर. नवीन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, नळाचं पाणी नाही कारण त्यातला क्षार आत बसतो. आणि मग त्या वाकड्यातिकड्या पाइपांमधून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर काढायचा. स्पोर्ट्स कारचं नाक खाली असतं, दिसायला देखणं, पण त्यामुळे रेडिएटर इंजिनपेक्षा खाली बसतो आणि हवा सगळी वर, नेमकी हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जाऊन बसते. बुडबुड्याला गरमी वाहून नेता येत नाही, तिथलं ॲल्युमिनियम तापून वाकतं, हेडच्या खालचं सील, हेड गास्केट, जातं आणि मग खरा खर्च. म्हणून पुढची बाजू जॅकवर उचलली, एअर काढायचा स्क्रू ढिला केला, फनेल लावलं, इंजिन चालू केलं. आणि हीटर पूर्ण चालू करून आत बसलो, कारण हीटरमध्येही पाणी फिरायला हवं नाहीतर हवा तिथे लपते.

दुपारची वेळ होती. काचा खाली. ब्लोअर फुल्ल.

आधी गार हवा आली, मग कोमट, मग डॅशबोर्डच्या मागून गुडगुड असा आवाज, कुणीतरी चूळ भरतंय असा, आणि एकदम पायांवर भट्टी. कपाळावरून घाम नाकावर, शर्ट सीटला चिकटलेला, फनेलमध्ये बुडबुडे फुटतायत ते समोर उघड्या बॉनेटच्या फटीतून दिसतायत. मी काट्याकडे बघत होतो आणि कुणीतरी बाजूच्या सीटवरून "पाऊण" म्हणावं असं मला खरंच वाटलं. पन्नास मिनिटं बसलो तसा. बायको एकदा पाणी घेऊन आली, आत डोकावली, आणि न विचारता गेली.

एअर गेली असं वाटलं तेव्हा खात्री म्हणून गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला छोटा रीडर लावला आणि फोनवर कूलंटचं तापमान आकड्यात लावून ठेवलं. पंखा कितीला सुरू होतो ते बघायचं होतं, बाकी काही नाही. 70, 74, 78, काटा चढत चढत मधोमध आला आणि थांबला. 85. काटा मधोमध. 92, मधोमध. 99 ला पंखा घुर्र करून लागला, तापमान 94 ला आलं, पंखा बंद, काटा तसाच. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर घेऊन गेलो, एसी लावून, मुद्दाम खालच्या गिअरमध्ये. 101. 104. 107. काटा एक केस हलला नाही. म्हणजे 78 पासून 107 पर्यंत, जवळजवळ 30 डिग्री, तो एकाच जागी उभा होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की बिघाड वगैरे काही नाही, तो तसाच बनवलाय, आणि असं करणाऱ्या गाड्या ढिगाने आहेत. काटा जरा हलला की लोक गाडी घेऊन परत यायचे, तक्रार करायचे, आणि दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं. मग काट्यालाच मधोमध उभं राहायला शिकवलं. खूपच हाताबाहेर गेलं तर तो एकदम वर उडी मारतो, तोपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो. बायकोला हे सांगितलं तर तिने एकच विचारलं, "मग तो काटा आहे कशाला?" ह्याचं उत्तर मला देता येईना. रागही धड येत नव्हता, कारण त्या तक्रार करणाऱ्या लोकांमध्ये मीही असतोच. 11 वर्षं मी त्या गाडीत किती आरामात बसलो. बाबांना एकाही चढावर डोंगर बघता आला नाही.

बाबांना फोन केला, म्हटलं बाबा, काटा वर गेला नव्हता, तो जातच नाही. सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कळू नये म्हणून?" मी म्हटलं तसंच काहीसं. "बरं आहे की," म्हणाले, आणि हे कौतुकाने म्हणाले की काय ते मला अजून नीट लागलेलं नाही.

त्यानंतर काही दिवस मी फोन डॅशबोर्डवर लावूनच चालवत होतो. 93, 95, 98, 96. पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट मला दोनदा उशिरा दिसले. तिसऱ्यांदा बायकोने हात लांब करून फोन पालथा घातला आणि बाहेर बघायला लागली. मी तो सरळ केला नाही, पण पालथ्या फोनच्या खाली आकडा पळतोय हे मला समजत होतं, आणि मी नाकाने हळूच हवा ओढत होतो, तिला ऐकू जाणार नाही अशी.

रेडिएटरचं तुटलेलं तोंड कामाच्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की थोडी पावडर अजून सांडते. रात्री गाडीखाली मी एक पुठ्ठा सरकवून ठेवतो आणि सकाळी उकिडवा बसून बघतो. काल पुठ्ठ्यावर डाग होता, बशीएवढा, ओला. जागा एसीच्या पाइपाखालची होती, रंग काहीच नव्हता, आदल्या रात्री एसी लावूनच घरी आलो होतो. बोट टेकवून वास घेतला. पाणी. बोट पँटला पुसलं, उठलो, दोन पावलं गेलो, आणि परत येऊन पुन्हा एकदा वास घेतला.